तक्रार कोणाची, भुर्दंड कोणाला?



मागील अंकात ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र निराळ्याच विषयाचे निघाले. बार्शीच्या एका भगिनींनी ते लिहिले आहे. त्यांचे यजमान कापडाचे व्यापारी. पुतण्या परीक्षेत उत्तीर्ण झाला म्हणून घरची सात माणसे गावातील एका हॉटेलात जेवावयास गेली. चौघांसाठी जैन पनीरची भाजी सांगितली आणि तिघा तरुणांसाठी नेहमीची. पहिल्याच घासाला सासूबाईंना लसूण लागला. गेली तीस वर्षे त्यांनी कांदा-लसूण तोंडात घातलेला नाही. त्या उठल्या, चूळ भरली आणि पुन्हा ताटावर बसल्या नाहीत. यजमानांचा संताप अनावर झाला. त्यांचा आवाज चढला, आजूबाजूची मंडळी जेवणे थांबवून पाहू लागली, मॅनेजर धावत आला. त्याने सर्वांदेखत वेटरला फैलावर घेतले आणि २,८३५ रुपयांचे संपूर्ण बिल माफ केले.

चार दिवसांनी दुकानातल्या नोकराकडून कळले, की ती रक्कम त्या वेटरच्या पगारातून दोन हप्त्यांत कापली जाणार आहे. भगिनी लिहितात, "म्हणजे आमचे जेवण त्या मुलाने घातले असे झाले. आमची तक्रार खरी होती, तरी मनाला टोचणी लागली आहे. आमचे काय चुकले?"

तक्रार खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. व्रत ही आवडीनिवडीची गोष्ट नव्हे. 'जाऊ द्या, वाद कशाला' असे म्हणून गप्प उठून येणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या सौजन्याचे कौतुकही होते. मला ते फारसे पटत नाही. कारण हीच मंडळी पुढे वर्षभर लग्नकार्यांत आणि स्नेहभोजनांत त्या हॉटेलाचे नाव घेऊन सांगत राहतात. अठरा पापस्थानकांत कलहाइतकीच पैशून्य आणि परपरिवाद यांचीही गणना आहे, याचा त्यांना विसर पडतो. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याला समोर सांगितले, तर त्याला सुधारण्याची संधी मिळते. पाठीमागे सांगितले, तर गिऱ्हाईक का तुटले हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. आपण स्वतः दुकान चालवणारी माणसे आहोत. न बोलता निघून गेलेले गिऱ्हाईक किती महाग पडते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावयास नको.

तेव्हा प्रश्न उरतो तो तक्रार कशाची, कोणाकडे आणि किती करावी, एवढाच.

बँकेत असताना शाखेच्या तक्रार नोंदवहीशी माझा बराच संबंध आला. तक्रार वाचताना पहिला प्रश्न आम्ही स्वतःला विचारीत असू, तो असा: बँकेने नेमके कबूल काय केले होते? खातेदाराची निराशा झाली, हे बहुधा खरेच असे. पण निराशा दोन प्रकारची असते. एक अपेक्षाभंग आणि दुसरा वचनभंग. हॉटेलातही तसेच आहे. भाजी तिखट निघाली, पनीर वातड लागले, घरच्या आमटीची सर त्या डाळीला नव्हती, हा अपेक्षाभंग. तो मॅनेजरला जरूर सांगावा, पण अभिप्राय म्हणून. त्यासाठी पैसे मागण्याचा अधिकार पोहोचत नाही. अर्धे ताट संपवल्यावर तर नाहीच. मात्र जैन म्हणून मागवलेल्या भाजीत लसूण आला, ताटात केस निघाला, भात आंबलेला होता, दराच्या पत्रकापेक्षा बिलात अधिक रक्कम लावली, तर तो वचनभंग. तेथे मिंधेपणाने बोलण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न आम्ही विचारीत असू: व्हाउचर काय सांगते? हॉटेलातही व्हाउचर असते. वेटर आपली मागणी लिहून किंवा यंत्रावर नोंदवून जी चिठ्ठी स्वयंपाकघरात पाठवतो, तिला त्या धंद्यात 'केओटी' म्हणतात, म्हणजे किचन ऑर्डर टिकिट. त्या चिठ्ठीवर भाजीपुढे 'जैन' असे लिहिलेले असेल, तर वेटरने आपले काम केले आणि चूक आत झाली. लिहिलेले नसेल, तर वेटर विसरला. लिहिलेले आहे आणि आत जैन भाजी वेगळी झालीही आहे, तर बहुधा टेबलावर वाढताना वाट्यांची अदलाबदल झाली. बार्शीच्या प्रसंगात सारख्या रंगाच्या दोन पनीरच्या भाज्या एकाच टेबलावर होत्या, त्यामुळे ही शेवटची शक्यता मला दुर्लक्षण्यासारखी वाटत नाही. ती चिठ्ठी पाहण्यास दोन मिनिटे पुरली असती. ती कोणीच पाहिली नाही. जो समोर उभा होता, तो दोषी ठरला. खोटा आळ घेणे याला आपल्याकडे अभ्याख्यान म्हणतात आणि तेही त्याच अठरांत आहे. यजमानांनी आळ घेतला असे मी म्हणत नाही, मॅनेजरने घेतला. पण चढलेल्या आवाजाने त्याला घाई केली, हे खरे.

हॉटेलाच्या स्वयंपाकघराची रीतही थोडी समजून घ्यावी. बहुतेक ठिकाणी सकाळीच लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांतून तयार करून ठेवतात. दोन-तीन पातेल्यांतून पंचवीस भाज्या निघतात, आणि त्या ग्रेव्हींत कांदा-लसूण असतोच. जैन भाजी म्हटली की आचाऱ्याला ते पातेले बाजूला ठेवून टोमॅटो, काजू किंवा मगज घेऊन वेगळ्या कढईत आरंभापासून सुरुवात करावी लागते. म्हणून तिला वेळ लागतो. जैन भाजी जर नेहमीच्या भाजीइतक्याच झटपट आली, तर पहिला घास घेण्याआधी एकदा विचारून घ्यावे, हा माझा अनुभवाचा सल्ला.

शिवाय 'जैन' या शब्दाने आपण सारे एकच वस्तू मागतो असेही नाही. कोणी केवळ कांदा-लसूण वर्ज्य करतात. कोणाला बटाटा, गाजर, मुळा, बीट असे कोणतेच कंदमूळ चालत नाही. कोणी ओले आले घेत नाहीत, पण सुंठ घेतात. कोणाच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. परप्रांतातून आलेल्या आचाऱ्याला कोणी तरी एकदा सांगितलेले असते, की जैन म्हणजे कांदा-लसूण नको. तो इमानाने ते पाळतो आणि वर बटाट्याच्या चार फोडी टाकतो. अशा वेळी वचन कोणी मोडले? विमान कंपन्यांनी या जेवणाला 'व्हीजेएमएल' असा चार अक्षरी संकेत दिला आहे आणि त्यात कंदमुळे येत नाहीत हे ठरलेले आहे. हॉटेलांत तसे काही ठरलेले नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही येथे उपयोगी पडत नाही. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, आणि त्या अर्थाने कांदा, लसूण, बटाटा हे सारे शाकाहारीच. म्हणून मागणी करतानाच 'जैन' म्हणून थांबू नये. काय काय नको ते नावानिशी सांगावे आणि वेटरकडून परत म्हणून घ्यावे. त्यात अर्धे मिनिटही जात नाही.

आता पैशांचे पाहू. बिल २,७०० रुपयांचे, त्यावर ५ टक्के जीएसटी १३५ रुपये, एकूण २,८३५. त्यात जैन पनीरची भाजी २९० रुपयांची, करासह ३०४ रुपये ५० पैसे. उरलेल्या सहाजणांनी रोटी, डाळ, भात, ताक घेतले. तिघा तरुणांची भाजी जशी मागितली तशीच आली होती. मग न्याय्य परतफेड किती? माझ्या मते त्या एका भाजीची पूर्ण किंमत, सासूबाईंसाठी दुसरे काही ताजे करून देण्याची तयारी, चूक कोठे झाली याचा खुलासा आणि मालकाने स्वतः येऊन त्यांची मागितलेली क्षमा. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची होती आणि नेमकी तीच मिळाली नाही. तीस वर्षांच्या नियमाची किंमत रुपयांत होत नाही. म्हणूनच संपूर्ण बिल माफ झाल्याने त्या नियमाची भरपाई झाली, असेही मानता येत नाही. मॅनेजरने २,८३५ रुपये देऊन हॉलमधली शांतता विकत घेतली आणि ते पैसे तिसऱ्याच्याच नावे टाकले.

असे टाकता येतात का? १९३६ च्या वेतनविषयक कायद्यापासून चालत आलेले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम राहिलेले तत्त्व असे आहे, की कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज त्याला दंड करता येत नाही, आणि दंडाची रक्कम त्या वेतनकाळातील वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. समजा, त्या मुलाला महिना १२,००० रुपये मिळतात. ३ टक्के म्हणजे ३६० रुपये. २,८३५ ही रक्कम त्याच्या महिन्याच्या पगाराच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतकी होते. नुकसानभरपाई म्हणून कापावयाचे म्हटले, तरी नुकसान त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाले हे आधी दिसले पाहिजे. बिल माफ करण्याचा निर्णय मॅनेजरचा होता, वेटरचा नव्हे.

म्हणून त्या भगिनींना मी असे सुचवले आहे. यजमानांनी एका दुपारी, गर्दी नसताना, मालकाला भेटावे. मॅनेजरला नको, मालकाला. त्या एका भाजीचे ३०४ रुपये ५० पैसे वजा करून उरलेले २,५३० रुपये ५० पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि वेटरच्या पगारातून काही कापले जाणार नाही एवढे त्यांच्याकडून ऐकून यावे. कापड दुकानदाराला हे अवघड नाही. एखाद्या साडीचा रंग गेला म्हणून गिऱ्हाईक परत आले, तर आपण बिल पाहतो, कशी धुतली ते विचारतो, पटले तर बदलून देतो किंवा पैसे परत करतो. साडी दाखवणाऱ्या मुलाच्या पगारातून ती रक्कम कापणारा दुकानदार आपल्या पेठेत कोणाला आदरणीय वाटेल?

येथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. सौभाग्यवती चौविहार पाळतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे प्रवासात घड्याळावर लक्ष ठेवावे लागते. महामार्गावरील एका हॉटेलात आम्ही पाच वाजता थांबलो. तेथे स्पष्ट सांगितले, की संध्याकाळचे स्वयंपाकघर सहाला सुरू होते, आता फक्त चहा मिळेल. गैरसोय झाली, पण तक्रारीला जागा नव्हती, कारण त्यांनी काही कबूलच केले नव्हते. पुढच्या हॉटेलात सव्वापाचला पोहोचलो. सूर्यास्तापूर्वी जेवण संपले पाहिजे, हे बसतानाच सांगितले. "वीस मिनिटांत देतो" असे उत्तर मिळाले. ताटे आली ती सहा वाजून दहा मिनिटांनी. सौभाग्यवतींनी आणि त्यांच्या भगिनींनी ती वाढण्यापूर्वीच परत केली. काउंटरवर पूर्ण बिल मागितले गेले. मी आवाज न चढवता एवढेच म्हटले, की वेळ ही आमच्या मागणीची अट होती आणि ती आपण मान्य केली होती. आम्ही दोघे पुरुष जेवलो आहोत, त्यांचे पैसे घ्या. न उष्टावलेली दोन ताटे आत परत गेली आहेत, ती बिलातून काढा. मालक क्षणभर थांबले आणि त्यांनी तसे केले. दोन्ही बाजूंचे मन राहिले. आमच्या मंडळींना मात्र त्या रात्री उपाशी झोपावे लागले, तो भाग कोणत्याही बिलात बसत नाही.

बिलाविषयी एक-दोन गोष्टी माहीत असाव्यात. जेवण आवडले नाही म्हणून जीएसटी देणार नाही, असे म्हणता येत नाही. तो शासनाचा कर आहे. सेवा शुल्काचे तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना आपोआप सेवा शुल्क लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरवल्या. बिलात ते दिसले, तर काढण्यास सांगावे. पण चांगली सेवा करणाऱ्या मुलाच्या हातावर स्वखुशीने काही ठेवण्यास कोणाचीही मनाई नाही! बिलावर हॉटेलाचा अन्न परवाना किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असणे १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे. शिळे किंवा दूषित अन्न मिळाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे जाताना तो क्रमांक उपयोगी पडतो, म्हणून बिल फेकून देऊ नये.

वरच्या पायऱ्या चढण्याचा प्रसंग क्वचितच यावा. बँकांच्या लोकपालाकडे जाण्यापूर्वी आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. तोच क्रम येथेही शहाणपणाचा आहे. आधी मॅनेजर, मग मालक, त्यानंतर मालकाला थोडक्यात पत्र: दिनांक, बिल क्रमांक, काय मागितले, काय मिळाले आणि काय हवे. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग. तेथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. एका भाजीसाठी कोणी आयोगात जावे असे मी सुचवीत नाही. परंतु पैसे घेऊन, विचारूनही, जाणूनबुजून कांदा-लसणाची ग्रेव्ही जैन म्हणून खपवली जात असेल, तर जावे. १९८६ च्या कायद्यात खोडसाळ तक्रार करणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत खर्च भरावयास लावण्याची तरतूद होती, हेही तक्रारदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मोबाइलवरून अभिप्राय लिहिण्याची आता सर्वांनाच सवय झाली आहे. एका भाजीत लसूण निघाला, तर 'येथे जैनांना फसवतात' असे लिहिले जाते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे. खोटे लिहिणे हा तिचा अर्थ, मग ते वहीत लिहिलेले असो की पडद्यावर. जे घडले तेवढेच लिहावे, मालकाने काय केले तेही लिहावे, आणि चूक सुधारली असेल तर ते पहिल्या वाक्यात लिहावे. वेटरचे नाव कधीही लिहू नये.

आपल्या वाचकांत हॉटेल, मिठाई आणि केटरिंगच्या व्यवसायातील मंडळीही बरीच आहेत. त्यांनी मागील परिच्छेद वाचून समाधान मानू नये. त्याच अणुव्रतांच्या विवेचनात अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार आहेत, म्हणजे मापात कमी-अधिक करणे आणि एक दाखवून दुसरे देणे. नेहमीच्या ग्रेव्हीत काजूची पूड घालून तिला जैन म्हणणे दुसऱ्यात मोडते. गल्ल्याजवळ एक तक्रार नोंदवही ठेवावी, आठवड्यातून एकदा मालकाने ती स्वतः वाचावी, आणि गिऱ्हाइकाला केलेली माफी दुकानाच्या खर्चात धरावी. वर्षाअखेर ती रक्कम किती झाली, हे पाहिल्यावर वेगळी कढई आणि वेगळा झारा ठेवणे किती स्वस्त पडते, ते हिशेबातच दिसेल.

लग्नसराई तोंडावर आली आहे. केटररशी ठरवताना केवळ 'जैन जेवण' एवढे लिहून थांबू नये. कोणते जिन्नस मुळीच नकोत, सूर्यास्तापूर्वीची पंगत किती वाजता बसली पाहिजे आणि जैन स्वयंपाकाची भांडी वेगळी असतील की नाही, हे कागदावर लिहून खाली दोघांच्याही सह्या कराव्यात. विसार देण्यापूर्वी कराव्यात.